नोकरी न सोडता अपंगत्वाची पेन्शन



गुडघे, पाठ किंवा हृदयाच्या दुखण्याने बेजार झालेले आपले लोक मला विचारतात, "पेन्शनसाठी आधी काम सोडावं लागेल का?" मी सांगते, घाई करू नका. ऑगस्ट २००९ पासून लागू झालेल्या लारोन कायद्यामुळे इस्रायलमध्ये काम करतानाही बितुआख लेउमीची अपंगत्व पेन्शन मिळू शकते. मिळकत वाढली की पेन्शन कमी होते. पण दोन्ही मिळून रक्कम नुसत्या पेन्शनपेक्षा जास्तच राहते.

अर्जाच्या वेळी पगार ठराविक मर्यादेच्या आत हवा. डॉक्टर अपंगत्वाचे टक्के ठरवतात: एकूण ६० लागतात, एखादे व्यंग एकट्याने २५ टक्के असेल, तर एकूण ४० पुरतात. मग कमावण्याची ताकद निम्म्याने तरी घटली आहे का, ते पाहतात.

म्हणून कुपत खोलीमचे रिपोर्ट, औषधांची यादी आणि पगाराच्या स्लिपा जमवून ठेवा. तपासणीच्या वेळी सवयीने "बरं आहे" म्हणू नका. किती वेळ उभे राहवते, किती वजन उचलवते, ते स्पष्ट सांगा.

अर्ज निवृत्तीच्या वयाआधीच करा. पुरुषांसाठी ते ६७ आहे, स्त्रियांचे जन्मतारखेप्रमाणे ठरते. त्या वयापर्यंत अपंगत्व पेन्शन मिळत असेल, तर पुढे म्हातारपणाची पेन्शन त्याहून कमी होत नाही.