एका स्क्रूची कथा

स्मरणिकेत यशस्वी शस्त्रक्रियांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मी आज माझ्या हातून चुकलेल्या एका स्क्रूविषयी लिहीत आहे.

पॅरिसच्या रॉय-कॅमिल यांनी १९६३ मध्ये पेडिकलमधून स्क्रू बसविण्यास प्रारंभ केला. पेडिकल म्हणजे मणक्याची मागील कमान पुढच्या भागाशी जोडणारा हाडाचा अरुंद खांब. त्याच्या आतल्या भिंतीला लगटूनच मज्जातंतूचे मूळ खाली उतरते.

माझ्या रुग्ण इंदूरच्याच एक निवृत्त शिक्षिका. कंबरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलेला, हाडे ठिसूळ. सी-आर्मच्या पडद्यावर चारही स्क्रू सरळ दिसले. (बाजूने घेतलेली छाया आतली-बाहेरची चूक लपविते, हे मीच विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो!) छिद्र तपासताना पाचव्या मणक्याची डावी भिंत सळईला मऊ लागली होती. तो दोष हाडांच्या माथी मारून मी पुढे गेलो.

सायंकाळी बाईंना डावे पाऊल वर उचलता येईना. सीटी स्कॅनमध्ये स्क्रू आतली भिंत फोडून गेलेला दिसला. तो त्याच रात्री काढून, दिशा बदलून पुन्हा बसविला. तत्पूर्वी त्यांच्या यजमानांना मी म्हणालो, "स्क्रू माझ्या हातून चुकीच्या जागी गेला आहे."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पाऊल उचलेल ना?"

मला 'हो' म्हणता आले नाही.

अंगठा हलायला ७ आठवडे लागले. पायातला आधार वर्षभर राहिला. दिवाळीला बाई फराळाचा डबा घेऊन येतात. जिना चढताना कठडा धरलेला असतो.