नर्सिंग प्रवेशाची प्रतीक्षा आणि वैयावृत्त्याचा पहिला धडा

बारावीचा निकाल लागून महिने उलटतात, तरी नर्सिंगच्या प्रवेशाचा निर्णय होत नाही, हा अनुभव पुण्यातील अनेक घरांना आता परिचित झाला आहे. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, नंतर गुणवत्ता यादी, त्यानंतर एकामागून एक फेऱ्या; कधीकधी त्या दिवाळीपर्यंत रेंगाळतात. जागा न मिळाल्यास संपूर्ण वर्षच हाती उरते. आपल्या समाजात या प्रतीक्षेला आणखी एक पदर आहे. मुलगी परिचारिका होऊ इच्छिते, हेच मुळात घरात सर्वांना रुचलेले नसते. डॉक्टर झाली तर पेढे, सी.ए. झाली तर सत्कार. नर्सिंग म्हटले की रात्रपाळी, जखमा आणि 'पुढे लग्नाचे कसे?' हे प्रश्न उभे राहतात. प्रवेश हुकताच 'बी.कॉम.ला नाव घालून टाक' हा सल्ला तयारच असतो. मी स्वतः वाणिज्य शाखेचा असल्याने त्या शाखेला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. परंतु मनाविरुद्ध केलेल्या बी.कॉम.पेक्षा रुग्णाच्या खाटेजवळ घालवलेले एक वर्ष अधिक मोलाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याला हा विषय नवा नाही. 1909 साली रमाबाई रानडे यांनी येथे सेवासदनाचे कार्य सुरू केले. गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोलाची साथ होती. तेथे येणाऱ्यांत विधवा आणि प्रौढ स्त्रिया पुष्कळ असत. त्यांना आधी शिक्षणाच्या पायऱ्या चढाव्या लागत आणि मग त्यांतील काही जणी ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास जात. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने परक्या रुग्णाची शुश्रूषा करावी, ही कल्पनाच त्या काळी समाजाला सहन होत नव्हती. शंभराहून अधिक वर्षांनंतर आपल्या बैठकीच्या खोलीत तोच आक्षेप ऐकू यावा, याचे नवल वाटते.

आज प्रतीक्षेच्या काळात काय करता येते? सर्वांत थेट मार्ग रुग्णसहायकाचा. कौशल्य विकास योजनेतील 'जनरल ड्युटी असिस्टंट' हा काही महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानेही रुग्णसहायकाचा प्रमाणपत्र शिक्षणक्रम चालवला आहे. त्यात शिकवले जाणारे काम वरवर साधे दिसते. रुग्ण अंथरुणात असतानाच चादर बदलणे, स्पंज देणे, भरवणे, चाकाच्या खुर्चीत सुरक्षित बसवणे, दर दोन तासांनी कूस बदलून पाठीला जखमा होऊ न देणे, पोटात किती पाणी गेले आणि लघवी किती झाली याची नोंद ठेवणे. कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या डब्यांत काय टाकायचे आणि हात केव्हा व कसे धुवायचे, हेही त्यातच येते. याच गोष्टी परिचर्येच्या पहिल्या वर्षात पुन्हा भेटतात, आणि तेव्हा अनेक मुली पहिल्यांदाच रक्त, मलमूत्र व मृत्यू पाहून हादरतात. आपल्याला हे झेपते की नाही, हे चार वर्षांची फी भरण्यापूर्वी कळलेले बरे.

मात्र येथे एक सीमारेषा आहे. रुग्णसहायक ही परिचारिका नव्हे. या कामाच्या अनुभवाने पुढील अभ्यासक्रमाचा एक दिवसही कमी होत नाही, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही मिळत नाही. काही लहान रुग्णालयांत अशा मुलींना पांढरा गणवेश देऊन 'सिस्टर' म्हटले जाते आणि इंजेक्शन देण्यास, सलाईन लावण्यास सांगितले जाते. अशा वेळी 'मला याची परवानगी नाही' असे नम्रपणे सांगता आले पाहिजे, आणि घरानेही तिच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. चूक झाल्यास जीव रुग्णाचा जातो.

दुसरा धोका पैशाचा. बँकेत असताना एका मुलीचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज मला परत करावा लागला होता. 'एका वर्षात नर्स' अशी जाहिरात करणाऱ्या संस्थेत वडिलांनी फी आधीच भरली होती आणि त्या संस्थेला कोणतीही मान्यता नव्हती. ते गृहस्थ काही न बोलता कागद गोळा करून निघून गेले. मान्यताप्राप्त पर्याय मोजकेच आहेत: चार वर्षांचे बी.एस्सी., तीन वर्षांचे जी.एन.एम., दोन वर्षांचे ए.एन.एम. विज्ञान शाखा नसलेल्या मुलीलाही जी.एन.एम.चा मार्ग खुला असतो, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने बी.एस्सी.ची पदवी मिळते. अशा शिक्षणासाठी बँकांच्या सर्वसाधारण योजनेत 4 लाख रुपयांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि हप्ते सामान्यतः शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. प्रतीक्षेचे वर्ष ही कागदपत्रे जुळवण्यासही उपयोगी पडते.

आता आपल्या समाजाकडे वळतो. तत्त्वार्थसूत्रात आभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत वैयावृत्त्य आहे. ते कोणाचे करावे, याची दहा जणांची गणना तेथे येते आणि तीत 'ग्लान', म्हणजे रुग्ण, स्वतंत्रपणे नमूद आहे. त्याच यादीत 'शैक्ष', म्हणजे नवशिका साधकही आहे. आपण हा शब्द प्रवचनात ऐकतो. प्रत्यक्षात मात्र आजारी साध्वीजींच्या शुश्रूषेसाठी शिकलेली स्त्री शोधताना संघाची धावपळ होते. पुरुषाचा स्पर्श त्यांना वर्ज्य. आणि ब्युरोतून आलेल्या बाई कितीही मायाळू असल्या तरी अचित्त पाणी म्हणजे काय, सूर्यास्तानंतर मुखात काही का घेत नाहीत, हे त्यांना नव्याने समजवावे लागते.

रुग्णालयातही हेच घडते. चौविहार असलेल्या आजीबाई रात्री नऊची गोळी तोंडात धरून ठेवतात आणि सिस्टर वळताच थुंकतात. वर्षीतप करणारे मधुमेही गृहस्थ उपवासाच्या दिवशीही, कोणाला न सांगता, इन्सुलिन टोचून घेतात. घाम, थरथर, बोलण्यातील गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. पण आज उपवास आहे, हे आधीच विचारून ड्युटीवरील परिचारिकेच्या कानावर घालणारी मुलगी वॉर्डात असेल, तर डॉक्टर वेळेवर मात्रा किंवा वेळ बदलू शकतात. यासाठी पदवी लागत नाही. आपल्या घरात वाढलेल्या सहायक मुलीला हा प्रश्न सहज सुचतो.

पालकांसाठी एवढेच: वर्षभर काम केले तरी प्रवेश परीक्षा पुन्हा द्यायचीच आहे, म्हणून शक्यतो सकाळची पाळी मागून घ्यावी आणि दुपार अभ्यासासाठी राखावी. दुपारची पाळी आलीच, तर डबा सूर्यास्तापूर्वी उघडता यावा, याविषयी मेट्रनबाईंशी रुजू होतानाच बोलून ठेवावे.