सर्व्हरची वाट आणि एका ओळीचा पहारा

एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता टाइप केला, की क्षणार्धात हवे ते पान पडद्यावर अवतरते. पत्त्यात तिरक्या रेघांनी विभागलेले शब्द पाहून असा समज होतो, की आपण त्या दूरच्या संगणकावरील फोल्डरांतूनच फिरत आहोत. प्रत्यक्षात पत्त्यातील मार्ग आणि संगणकाच्या डिस्कवरील मार्ग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांची सांगड घालण्याचे काम वेब सर्व्हर ही आज्ञावली करते आणि ती कशी घालायची, हे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवलेले असते. या फाइलीतील एखादी ओळ बदलली गेली, तर केवढा अनर्थ ओढवू शकतो, याचा प्रत्यय ऑक्टोबर २०२१ मध्ये जगभरातील सर्व्हर सांभाळणाऱ्यांना आला.

हा प्रसंग घडला तो 'अपाचे' या सर्व्हरच्या बाबतीत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात तयार झालेल्या सर्व्हरमध्ये सुधारणा करत काही स्वयंसेवी प्रोग्रॅमरांनी १९९५ मध्ये अपाचे जन्माला घातला. तो विनामूल्य असून त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली आहे.

दोन मार्गांची सांगड

अपाचेच्या फाइलीत 'डॉक्युमेंटरूट' नावाची एक सूचना असते. संकेतस्थळाची पाने ज्या डिरेक्टरीत, म्हणजेच फोल्डरात, ठेवली आहेत, तिचा मार्ग तेथे लिहितात. समजा, हा मार्ग '/स्थळ/पाने' असा आहे. वाचकाने '/बातम्या/आज' मागितले, की सर्व्हर '/स्थळ/पाने/बातम्या/आज' ही फाइल उचलून देतो. काही साहित्य डिस्कवर अन्यत्र असेल, तर 'अलायस' ही सूचना उपयोगी पडते. '/चित्रे' म्हणजे '/साठा/छायाचित्रे' असे तिच्याद्वारे सांगता येते. सरकारी कचेरीतील खिडकीवरचा कारकून नेमून दिलेल्या कपाटातीलच कागद काढून देतो आणि मागची सगळी खोली मागणाऱ्याला दिसत नाही, तसाच हा प्रकार.

प्रश्न उद्भवतो तो दोन टिंबांमुळे. संगणकाच्या भाषेत लागोपाठ दोन टिंबे म्हणजे 'एक पायरी वर जा'. कुणी पत्त्यात दोन टिंबे आणि तिरकी रेघ यांची माळच लावली, तर पायऱ्या चढत चढत तो नेमलेल्या डिरेक्टरीच्या बाहेर पडून डिस्कच्या मुळाशी पोहोचू शकतो. म्हणून प्रत्येक सर्व्हर आलेला मार्ग आधी तपासतो आणि अशी मागणी फेटाळतो. मात्र वेबच्या पत्त्यात कोणतेही अक्षर टक्केचिन्ह व त्यापुढे दोन खुणा अशा सांकेतिक रूपातही लिहिता येते. टिंबालाही असे रूप आहे. तपासणी करणाऱ्याने हे वेषांतर ओळखले नाही, तर पहारा फोल ठरतो.

जुनेच दुखणे

हा दोष नवा नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या 'आयआयएस' या सर्व्हरमध्ये असेच वेषांतर चालून जात असल्याचे ऑक्टोबर २००० मध्ये उघड झाले आणि कंपनीने दुरुस्तीही दिली. ती न बसवलेल्या सर्व्हरांमध्ये शिरण्यासाठी सप्टेंबर २००१ मधील 'निम्डा' या कुप्रसिद्ध वर्मने जे अनेक मार्ग वापरले, त्यांत हाही होता.

वीस वर्षांनी अपाचेची पाळी आली. २.४.४९ या आवृत्तीत मार्ग तपासणारा भाग नव्याने लिहिला गेला होता. त्यात दोन टिंबांपैकी दुसरे टिंब सांकेतिक रूपात लिहिल्यास ते तपासणीतून निसटत असे. अलायससारख्या सूचनांनी जोडलेल्या मार्गांवरून अशा रीतीने बाहेर पडता येऊ लागले. त्या मार्गांवर सर्व्हरला प्रोग्रॅम चालवण्याची मुभा असेल, तर परक्याला तेथे स्वतःचे हुकूमही चालवता येत. दुरुस्त आवृत्ती ४ ऑक्टोबरला आली, तोवर हल्ल्यांना प्रारंभ झालेला होता. त्यातही संकेतावर पुन्हा संकेत चढवला, की ही नवी तपासणीही चकत असल्याचे आढळले आणि अवघ्या तीन दिवसांत, ७ ऑक्टोबरला, २.४.५१ ही आवृत्ती काढावी लागली.

वाचले कोण?

मात्र सदोष आवृत्ती वापरणारे सगळेच सर्व्हर उघडे पडले नाहीत. अपाचेसोबत मिळणाऱ्या मूळ फाइलीत डिस्कच्या मुळावरील डिरेक्टरीसाठी 'रिक्वायर ऑल डिनाइड' अशी ओळ असते. तिचा अर्थ, 'सर्वांना मज्जाव'. त्यानंतर केवळ पानांच्या डिरेक्टरीसाठी 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' लिहून तेवढेच दार उघडले जाते. जेथे ही ओळ शाबूत होती, तेथे घुसखोर वाट चुकवून बाहेर पडला, तरी पुढची दारे त्याला बंदच मिळाली.

मग ही ओळ बदलली का जाते? नवे फोल्डर जोडल्यावर सर्व्हर 'प्रवेश निषिद्ध' असा ४०३ क्रमांकाचा संदेश देतो. घाईत असलेला माणूस नेमक्या फोल्डरची परवानगी लिहिण्याऐवजी मुळावरचा मज्जावच काढून टाकतो. पान दिसू लागते, काम झाल्यासारखे वाटते आणि दार मात्र कायमचे उघडे राहते.

त्यामुळे स्वतःच्या संस्थेचे वा व्यवसायाचे संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी काही पथ्ये पाळायला हवीत. मुळावर मज्जाव ठेवून लागेल तेवढेच उघडावे. पासवर्ड असलेल्या फाइली आणि माहितीच्या बॅकअप प्रती डॉक्युमेंटरूटच्या आत ठेवू नयेत. 'इंडेक्सेस' हा पर्याय बंद करावा, अन्यथा मुखपृष्ठ नसलेल्या फोल्डरातील सर्व फाइलींची यादी कोणालाही दिसते. अलायस लिहिताना दोन्ही बाजूंच्या शेवटच्या तिरक्या रेघेचा मेळ पाहावा. 'एन्जिनएक्स' या दुसऱ्या लोकप्रिय सर्व्हरमध्ये एवढी एक रेघ राहून गेली, तरी एक पायरी वर जाण्याची वाट मोकळी होऊ शकते. सर्व्हर कमीत कमी अधिकारांच्या खात्याखाली चालवावा.

आवृत्ती वेळेवर अद्ययावत करणे आवश्यक आहेच. परंतु दोष उघडकीस येणे आणि दुरुस्ती हाती पडणे यांमध्ये काही दिवस जातात. तेवढे दिवस भिस्त असते ती आपणच लिहिलेल्या, किंवा निदान न खोडलेल्या, त्या एका ओळीवर.