विश्लेषण : रखमाबाईंना नांदायला भाग पाडणारा कायदा आजही का टिकून आहे?

पत्नी नांदायला येत नाही म्हणून पतीने न्यायालयात जायचे आणि न्यायालयाने तिला सासरी जाण्याचा आदेश द्यायचा, ही तरतूद आजही भारतीय कायद्यात आहे. याच मुद्द्यावर मुंबईत १८८४ ते १८८८ या काळात एक खटला गाजला होता. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सज्ञान झाल्यावर ते लग्न मानण्यास नकार दिला आणि प्रसंगी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. पुढे त्या डॉक्टर झाल्या. रखमाबाईंची ओळख बहुतेक वेळा ‘पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक’ एवढ्यावरच संपते. त्यांनी न्यायालयात उभा केलेला प्रश्न मात्र अजून निकाली निघालेला नाही.

रखमाबाई कोण होत्या?

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग यांचे निधन झाले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हे कुटुंब सुतार समाजातील होते आणि त्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता होती. डॉ. सखाराम अर्जुन हे नामवंत डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापक सदस्यांत त्यांचा समावेश होता.

सुधारकी विचारांचे घर असूनही रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लागले. नवरा दादाजी भिकाजी तेव्हा १९ वर्षांचे होते आणि डॉ. सखाराम यांचे नातेवाईकच होते. त्यांनी सासरच्या आधाराने शिकून मार्गी लागावे, अशी अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही. दादाजी मामाकडे राहू लागले, रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि घरात वाचत, शिकत मोठ्या झाल्या. दोघांचा संसार कधी सुरूच झाला नाही.

प्रकरण न्यायालयात कसे गेले?

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीला आपल्याकडे पाठवण्याची मागणी केली. नकार मिळाल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा ठोकला. दाव्याचे कायदेशीर नाव होते ‘वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना’. दादाजींची आर्थिक स्थिती, त्यांची प्रकृती आणि मामाच्या घरातील वातावरण ही कारणे रखमाबाईंच्या बाजूने मांडण्यात आली. त्यापलीकडचा मुद्दा अधिक मूलभूत होता. समज नसलेल्या वयात लागलेले लग्न आपल्यावर बंधनकारक का मानावे, असा तो प्रश्न होता.

वादाला मालमत्तेचीही किनार होती. रखमाबाईंच्या नावावर वडिलांकडून आलेली मालमत्ता होती. ती हातची जाऊ नये म्हणून माहेरचे मुलीला पाठवत नाहीत, असा दादाजींच्या बाजूचा आरोप होता. दादाजींचा डोळाच या मालमत्तेवर आहे, असे रखमाबाईंच्या बाजूचे म्हणणे होते. एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम यांचे निधन झाले आणि ऐन खटल्यात रखमाबाईंचा मोठा आधार गेला.

पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने कसा लागला?

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. रॉबर्ट हिल पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा ‘पुनर्स्थापना’ या शब्दात होता. जे आधी होते आणि नंतर तुटले, त्याचीच पुनर्स्थापना होऊ शकते. इथे सहजीवन कधी सुरूच झाले नव्हते, मग पुनर्स्थापना कशाची करायची? शिवाय हा उपाय मूळचा हिंदू धर्मशास्त्रातला नाही. तो इंग्लंडमधून आला आहे आणि तिथे तो सज्ञान, स्वखुशीने लग्न केलेल्या जोडप्यांसाठी वापरला जातो. बालपणी लग्न झालेल्या मुलीवर तो लादता येणार नाही, असे त्यांनी ठरवले.

हा उपाय इंग्लंडमधील धर्मन्यायालयांतून आला, हे खरेच होते. भारतात त्याला बळ मिळाले ते प्रिव्ही कौन्सिलच्या १८६७ च्या एका निकालाने. तो निकाल एका मुस्लीम दाम्पत्याच्या प्रकरणातला होता. विशेष म्हणजे, असा आदेश न पाळणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची शिक्षा इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केली. दादाजींनी मुंबईत दावा लावला तेच हे वर्ष. भारतातील दिवाणी प्रक्रिया संहितेत मात्र ही शिक्षा कायम राहिली.

मग तुरुंगवासाची वेळ का आली?

दादाजींनी अपील केले. १८ मार्च १८८६ रोजी मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांच्या खंडपीठाने पिन्ही यांचा निकाल फिरवला. लग्न वैध असेल तर सहजीवन सुरू झाले होते की नाही, असा भेद कायदा करत नाही, अशी भूमिका घेत प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठवण्यात आले. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी आदेश दिला की रखमाबाईंनी महिनाभरात पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी जाहीर केली.

या निकालाच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुण्यात निधन झाले होते. बालपणी लग्न झालेल्या दोन मराठी स्त्रियांच्या आयुष्यातील हे दोन प्रसंग एकाच आठवड्यात घडले.

समाजात पडसाद काय उमटले?

खटला सुरू असताना ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने पत्रे प्रसिद्ध झाली. जून १८८५ मधील पत्र बालविवाहावर, तर सप्टेंबरमधील पत्र सक्तीच्या वैधव्यावर होते. ती रखमाबाईंनीच लिहिली होती. त्याआधी, १८८४ मध्ये, बेहरामजी मलबारी यांनी याच दोन विषयांवरील टिपणे प्रसिद्ध करून वाद पेटवला होता. आता त्या वादात ज्या स्त्रियांबद्दल बोलले जात होते, त्यांच्यातीलच एक स्वतः लिहू लागली.

समाजाची सरळ विभागणी झाली. मलबारी आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखी मंडळी रखमाबाईंच्या बाजूने उभी राहिली. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या प्रकरणाची दखल घेतली. दुसरीकडे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी पिन्ही यांच्या निकालावर कठोर टीका केली. परक्या सरकारने आणि त्याच्या न्यायालयांनी हिंदूंच्या कौटुंबिक व्यवहारात हात घालू नये, ही लोकमान्य टिळकांची भूमिका होती. पण दादाजी ज्या कायद्याचा आधार घेत होते, तोही विलायतेतूनच आलेला होता. हा विरोधाभास त्या गदारोळात फारसा कुणी लक्षात घेतला नाही.

राणी व्हिक्टोरियाने लग्न रद्द केले, हे खरे आहे का?

समाजमाध्यमांवर रखमाबाईंविषयी हमखास फिरणारी ही माहिती चुकीची आहे. प्रकरण जुलै १८८८ मध्ये तडजोडीने मिटले. खर्चापोटी दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आदेशाची अंमलबजावणी न करण्याचे मान्य केले. त्यामुळे तुरुंगवास टळला. लग्न मात्र कोणत्याही न्यायालयाने किंवा राणीने रद्द केले नाही. एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रखमाबाईंचे पत्र छापून आले होते. त्यात राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचा संदर्भ देत कायदा बदलण्याचे आवाहन होते. त्यातूनच पुढे ही कथा तयार झाली असावी.

तडजोडीचा अर्थ दोघांसाठी वेगळा होता. दादाजींना दुसरे लग्न करण्याची मोकळीक होती आणि त्यांनी ते केले. रखमाबाई कायद्याच्या दृष्टीने विवाहितच राहिल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९०४ मध्ये दादाजींचे निधन झाल्यावर त्यांनी विधवेसारखी पांढरी वस्त्रे स्वीकारली, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात नमूद केले जाते.

पुढे डॉक्टर कशा झाल्या?

मुंबईतील कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले. त्यासाठी मदतही उभी राहिली. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन’मध्ये दाखल झाल्या. शिक्षण पूर्ण करून त्या भारतात परतल्या आणि सुरतच्या रुग्णालयात रुजू झाल्या. पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. साडेतीन दशकांची ही सेवा मुख्यतः अशा स्त्रियांसाठी होती, ज्यांना पुरुष डॉक्टरला दाखवण्याची परवानगी घरातून मिळत नसे. १९२९ मध्ये त्यांनी पडदा पद्धत बंद करण्याची गरज मांडणारी पुस्तिकाही प्रसिद्ध केली.

‘भारतातील पहिल्या प्रॅक्टिस करणाऱ्या महिला डॉक्टर’ असा त्यांचा उल्लेख अनेकदा होतो. तो काटेकोर नाही. बंगालमधील कादंबिनी गांगुली यांनी त्यांच्या आधीच वैद्यकीय व्यवसाय सुरू केला होता. रखमाबाई पहिल्या काही महिला डॉक्टरांपैकी एक होत्या, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

खटल्यामुळे कायद्यात काय बदलले?

१८६० च्या भारतीय दंड संहितेत मुलीचे संमतिवय १० वर्षे होते. रखमाबाई खटल्याने बालविवाहाचा प्रश्न लंडनपर्यंत पोहोचवला. त्यातच १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या बालिकेचा पतीने केलेल्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाला. या पार्श्वभूमीवर मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा मंजूर झाला आणि वय १२ करण्यात आले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवले. १९७८ मध्ये ते १८ झाले.

नांदायला न गेल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये वगळण्यात आली. मूळ उपाय मात्र राहिला. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेला जागा मिळाली. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, ९० वर्षांच्या रखमाबाईंचे निधन झाले. ज्या घटस्फोटाची सोय त्यांच्या काळात नव्हती, ती याच कायद्याने हिंदू स्त्रियांना दिली.

आज कलम ९ चा वापर कसा होतो?

पती किंवा पत्नी सबळ कारणाशिवाय वेगळे राहत असेल, तर दुसऱ्याला या कलमाखाली अर्ज करता येतो. म्हणजे कागदावर ही तरतूद दोघांसाठी समान आहे. वेगळे राहण्याचे कारण योग्य होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेगळे राहणाऱ्यावर असते. आदेश मिळाला तरी पोलीस कुणाला उचलून सासरी नेऊन सोडत नाहीत. मालमत्तेवर जप्ती आणता येते आणि वर्षभरात सहजीवन सुरू झाले नाही, तर दोघांपैकी कुणालाही त्या आधारावर घटस्फोट मागता येतो.

व्यवहारात या अर्जाचा आणखी एक उपयोग होतो. पत्नीने पोटगी मागितली की पतीकडून नांदायला येण्याची नोटीस जाते. सबळ कारण नसताना पतीसोबत राहण्यास नकार देणारी पत्नी पोटगीस पात्र नसते, या तरतुदीचा त्यासाठी आधार घेतला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२५ रोजी झारखंडमधील एका प्रकरणात याबाबत खुलासा केला. पतीकडे कलम ९ चा आदेश आहे आणि पत्नीने तो पाळला नाही, एवढ्याच कारणाने पोटगी आपोआप नाकारता येणार नाही. प्रत्येक प्रकरणात पत्नीची कारणे तपासावी लागतील, असे न्यायालयाने सांगितले आणि दरमहा दहा हजार रुपयांची पोटगी पूर्ववत केली.

हे कलम घटनाबाह्य आहे का?

१९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने टी. सरिता प्रकरणात कलम ९ घटनाबाह्य ठरवले होते. ते व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या, शरीरावरील आणि खासगी आयुष्यावरील हक्कावर घाला घालते, अशी त्यामागची भूमिका होती. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने उलट मत दिले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी प्रकरणात कलम ९ वैध ठरवले. विवाह टिकवण्याची एक संधी देणे हा त्याचा हेतू आहे, असे न्यायालयाचे मत होते.

त्यानंतर परिस्थिती बदलली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०१८ मध्ये विधी आयोगाने कौटुंबिक कायद्यांवरील आपल्या टिपणात ही तरतूद वगळण्याची सूचना केली. २०१९ मध्ये गुजरातमधील विधी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी कलम ९ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. इंग्लंडने हा उपाय १९७० च्या कायद्याने रद्दच केला.

कलम ठेवावे असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की क्षुल्लक कारणावरून दुरावलेल्या जोडप्यांना न्यायालयामार्फत पुन्हा एकत्र येण्याचा मार्ग मिळतो आणि टाकून दिलेल्या पत्नीलाही त्याचा आधार घेता येतो. विरोधकांचा प्रश्न असा, की ज्याला राहायचेच नाही, त्याला न्यायालयाच्या आदेशाने सोबत राहायला लावून संसार कसा उभा राहणार? मुंबई उच्च न्यायालयासमोर १८८५ मध्ये हाच प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालय किंवा संसद वेगळे काही ठरवत नाही, तोवर न्यायालयातून ‘नांदायला ये’ असा आदेश निघण्याची वाट खुलीच राहणार आहे.