वामनवृक्षाचे छायाचित्र, घरच्या घरी

२०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात पाण्याची अशी टंचाई होती, की शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. बीडमध्ये आम्हीही टँकरची वाट पाहत होतो. पिण्याच्या हंड्यापुढे कुंडीचा विचार कोण करणार? वडिलांनी अठरा वर्षे जोपासलेला वडाचा बोन्साय त्या मे महिन्यात वाळला. मागे उरले एकच छायाचित्र. पार्श्वभूमीला दोरीवरचे कपडे, आणि वरून टिपल्यामुळे तो वड एखाद्या रोपासारखा दिसतो.

तेव्हापासून घरातील प्रत्येक वामनवृक्षाचे वर्षातून एकदा नीट छायाचित्र काढण्याचा नेम ठेवला आहे. साहित्य थोडेच लागते, त्यातले निम्मे तर आपल्या कापडदुकानातच सापडेल. उत्तरेच्या खिडकीशेजारी टेबल ठेवावे. ऊन प्रखर असेल तर खिडकीवर मांजरपाटाचा पडदा सोडावा. विरुद्ध बाजूस थर्मोकोलचा पांढरा तुकडा उभा केला, की सावलीतली पानेही उजळतात. वृक्षामागे तीन-चार फुटांवर चमक नसलेले काळे कापड टांगावे. ट्यूबलाइट मात्र बंद हवी. दोन प्रकारच्या उजेडात पानांचा रंग बिघडतो.

कॅमेरा तिपाईवर, खोडाच्या मध्याच्या उंचीला असावा. मगच लहान झाड वृक्षासारखे भासते. मोबाइल अगदी जवळ नेला तर कुंडी फुगलेली दिसते, म्हणून दीड-दोन मीटर मागे सरून दुप्पट झूम वापरावा. काळ्या कापडामुळे कॅमेरा फसतो व पाने पांढुरकी करतो; उजेडाची पट्टी किंचित खाली ओढावी. पंखा बंद करून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

सालीची भेग किंवा कळी टिपण्याचे काम अधिक कठीण. मॅक्रो भिंगातून वस्तू मूळ आकारात घेतली, तर छिद्र एफ ११ ठेवूनही जेमतेम मिलिमीटरभर भाग सुस्पष्ट येतो. छिद्र फारच लहान केल्यास सारे चित्र मऊ पडते. कीटक हलू नयेत म्हणून काही जण त्यांना फ्रिजमध्ये ठेवून बधिर करतात. आपल्या घरात ते होणे नाही. पहाटेच्या गारव्यात ते स्वतःच मंदावलेले असतात, तेवढे लवकर उठावे.

प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख आणि उंची लिहून ठेवतो. यंदा उंबर ३२ सेंटिमीटर भरला.