घड्याळाचा सातवा पाय

बालमित्रांनो, एक कोडं घालते. पाय आठ आहेत पण कोळी नाही. पोटात घड्याळ आहे पण काटे नाहीत. घरातली वीज गेली तरी ते चालतच राहतं! ओळखा पाहू!

हे आहे 'रिअल टाइम क्लॉक', म्हणजे वेळ राखणारी चिप. चिंचोक्याएवढी असते. आमच्या पाटसकडे उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढली की पावतीवर वजनाबरोबर तारीख आणि वेळ छापून येते. एसटीच्या तिकिटावरही वेळ असते. निवडणुकीत आपल्या शाळेच्या वर्गात मतदान यंत्र येतं ना, त्याचं कंट्रोल युनिट चालू केलं की पडद्यावर तारीख-वेळ दिसते. अशा प्रत्येक यंत्रात कुणीतरी गुपचूप सेकंद मोजत बसलेलं असतं.

तुमच्यातले काही जण आता आर्डुइनोचा बोर्ड आणून प्रयोग करतात. त्यावरचा मायक्रोकंट्रोलर म्हणजे मोठा चपळ गडी. आर्डुइनो उनोचा मायक्रोकंट्रोलर सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांच्या गतीने काम करतो. पण वीज गेली की किती वाजले होते ते साफ विसरतो! आणि वीज असतानाही त्याला स्वतःच सेकंद मोजायला सांगितलं, तर दिवसाकाठी हिशेब मिनिटांनी चुकू शकतो. २००५ नंतरची काही वर्षं आपल्या भागात रोज तासन्‌तास भारनियमन असायचं, आई-बाबांना विचारा. अशा ठिकाणी शाळेची घंटा आपोआप वाजवायची तर हा विसरभोळा गडी एकटा काय कामाचा? म्हणून त्याच्या जोडीला वेळ राखणारी चिप द्यायची. तिला बटणाएवढा सेल पुरतो, तोही काही वर्षं. (घरात लहान भावंडं असतील तर हा सेल त्यांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर जिवावर बेततं.)

मुलांमध्ये सर्रास वापरली जाणारी चिप म्हणजे डीएस १३०७. 'डीएस' म्हणजे डॅलस सेमीकंडक्टर, अमेरिकेतल्या डॅलस शहरातली कंपनी. ती २००१ मध्ये मॅक्सिम कंपनीने घेतली आणि २०२१ मध्ये मॅक्सिमही अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे गेली. नाव मात्र तेच राहिलं.

या चिपच्या सातव्या पायातून ठोके बाहेर येतात, सेकंदाला एक. मॉड्यूलवर त्या जागी 'एसक्यू' किंवा 'एसक्यूडब्ल्यू' लिहिलेलं असतं. पण मौज अशी, की सांगितल्याशिवाय ती ठोके देतच नाही! मुलं शे-दीडशे रुपयांचं मॉड्यूल आणतात, दिवा जोडतात, दिवा लुकलुकत नाही. मग "दुकानदाराने फसवलं" म्हणत चिप कचऱ्यात. आई-बाबाही चिडतात. चिप बिचारी चांगली असते हो, ती फक्त हुकमाची वाट पाहत असते.

हुकूम द्यायचा कसा? रजिस्टर म्हटलं की तुम्हाला हजेरीचं रजिस्टर आठवेल. चिपच्या पोटातही रजिस्टरं असतात, पण कपाटाच्या खणांसारखी, आणि त्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. खण ० मध्ये सेकंद, १ मध्ये मिनिटं, २ मध्ये तास, पुढे वार, तारीख, महिना आणि ६ मध्ये वर्ष. खण ७ हुकमाचा. प्रत्येक खणात आठ बटणं, त्यांच्या किमती १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १. खण ७ मधलं १६ किमतीचं बटण दाबलं की सातवा पाय ठोके द्यायला लागतो. किती वेगाने, ते २ आणि १ ही बटणं ठरवतात. म्हणजे तिथे नुसते १६ लिहिले तर सेकंदाला १ ठोका. १७ लिहिले तर ४०९६, १८ लिहिले तर ८१९२ आणि १९ लिहिले तर ३२७६८! शून्य लिहिलं तर सगळं गप्प.

मायक्रोकंट्रोलर हा हुकूम दोन तारांवरून पाठवतो. आधी चिपच्या घराचा नंबर १०४, मग खण ७, मग १६. झालं! आर्डुइनोची 'वायर' लायब्ररी ही तीन पत्रं पोचवते.

आता हे ३२७६८ कुठून आलं? वही काढा आणि त्याची निम्मी करत जा. १६३८४, ८१९२, ४०९६... पंधराव्या वेळी बरोब्बर १ उरतो. चिपच्या शेजारी क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२७६८ वेळा कंप पावतो आणि चिप ते आकडे निम्मे-निम्मे करत एकावर आणते. वर्गात खेळून पाहा: पाच जण रांगेत उभे राहा. पहिल्याने सोळा टाळ्या वाजवायच्या, पुढच्याने मागच्याच्या दर दोन टाळ्यांना एक. पाचवा एकच टाळी वाजवेल. (सेकंदाला ८१९२ कंपनांचा स्फटिक घेऊन १९६९ मध्ये जपानच्या सेइको कंपनीने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला आणलं होतं.)

दिवा जोडताना मात्र जपून, बरं का. सातवा पाय स्प्रिंगच्या दारासारखा आहे. तो तार खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे ओढू शकतो, पण वर ढकलू शकत नाही. वर न्यायला 'स्प्रिंग' आपणच लावायची. ५ व्होल्टपासून १ किलोओहमचा रेझिस्टर, त्यापुढे एलईडीचा लांब पाय आणि एलईडीचा आखूड पाय चिपच्या सातव्या पायाला. दिवा अर्धा सेकंद पेटेल, अर्धा सेकंद विझेल. तेच ठोके उनोच्या २ नंबरच्या पिनला द्यायचे असतील तर ५ व्होल्टकडे १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. मग दर ठोक्याला मायक्रोकंट्रोलरला हाक जाते आणि त्याला स्वतः सेकंद मोजत बसावं लागत नाही.

तरीही दिवा ढिम्मच? मग खण ० पाहा. त्यातलं १२८ किमतीचं बटण दाबलेलं असेल तर घड्याळच थांबलेलं असतं. नव्या चिपमध्ये ते बहुधा तसंच असतं. वेळ लावली की सुटतं. दुसरं म्हणजे या चिपला ५ व्होल्ट हवेत, ३.३ वर ती बोलत नाही.

आणि तिसरी गोष्ट तर फारच गमतीची. डीएस ३२३१ नावाची दुसरी, जास्त अचूक चिप आहे. तिच्याही घराचा नंबर १०४! पण तिचा खण ७ गजराच्या सेकंदांचा. तिथे तुम्ही १६ लिहिले तर ती समजते, 'गजर १० सेकंदांवर लावायचा', आणि ठोके काही देत नाही. तिच्यासाठी खण १४ मध्ये ० लिहायचं.

आता अचूकपणा. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस असते असं धरलं, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. महिन्याला जवळजवळ एक मिनिट! शिवाय क्वार्ट्झला साधारण २५ अंशांची हवा मानवते. कडक ऊन असो की कडाक्याची थंडी, दोन्हींत ते मागे पडतं. डीएस ३२३१ स्वतःचं तापमान मोजून ही चूक भरून काढते, म्हणून तिची चूक वर्षाला मिनिटभर.

डीएस १३०७ फोनच्या वेळेशी जुळवून ठेवा आणि दर रविवारी दोन्ही वेळा वहीत लिहा. घड्याळ पत्र्याच्या खोलीत ठेवलं असेल, तर ऑगस्टच्या मानाने मे महिन्यात ते किती सेकंद मागे पडतं, ते तुमच्याच आकड्यांत सापडेल.