कोंबडीच्या डोळ्यात फेस का येतो?

परसातली कोंबडी शिंकते, एक डोळा मिटून बसते, डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस दिसतो. मग डोळ्यात थेंब टाकले जातात. पण दुखणं बहुतेकदा श्वसनमार्गात असतं. डोळ्याखालची पोकळी नाकाला जोडलेली असते. ती सुजली की डोळाही सुजतो.

फेस आणि घरघर ही ‘मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम’ या जिवाणूची नेहमीची खूण. प्रतिजैविकांनी कोंबडी बरी दिसू लागते, पण जंतू अंगात राहतो आणि अंड्यातून पिल्लांतही उतरतो. म्हणून बाजारातून आणलेली धडधाकट कोंबडीही लगेच खुराड्यात सोडू नये, तीन-चार आठवडे वेगळी ठेवावी. तोंड सुजून नाकातून घाण वासाचा स्राव येत असेल, तर कोरायझाची शंका घ्यावी. नुसते डोळेच लाल असतील, तर आधी खुराड्यात वाकून वास घ्यावा: ओल्या विष्ठेतला अमोनियाही डोळे जाळतो.

मान वाकडी, हिरवी हगवण, पटापट मरतुक दिसली, तर मानमोडी म्हणजेच राणीखेत असू शकतो. त्यावर औषध नाही, लस आहे. बर्ड फ्लूही असाच दिसू शकतो. तेव्हा मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हातांनी न शिवता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.